चिरनेरच्या हुतात्मा स्मारकाला यायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी उरण तालुक्यातला. पोटापाण्यासाठी कंटेनर यार्डात गेटपास फाडतो आणि सुट्टीच्या दिवशी, कोणी विचारलं तर, पाहुण्यांना चिरनेर दाखवून आणतो. सप्टेंबर लागला की फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

हे स्मारक नेमकं कशाचं?

२५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ गावकरी मारले गेले. स्मारक त्या आठ जणांचं. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ साली आलं. त्यामुळे जुन्या कागदांत शोधाल तर ‘कुलाबा’ म्हणून शोधा, नाहीतर हाती काही लागणार नाही.

उरण तर मिठागरांचं गाव. मग इथे मिठाचा सोडून जंगलाचा सत्याग्रह का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी मनातल्या मनात शाबासकी देतो. कारण यातच सगळी गोम आहे.

मिठाचा सत्याग्रह सुरू झाला एप्रिलमध्ये. पण मीठ पिकवायला ऊन लागतं. मृग बरसला की मिठागर बंद, मग कायदा मोडायचा कशानं? चळवळ पावसाळ्यात थंड पडू नये म्हणून जंगलाचा कायदा पुढे आला. विदर्भात बापूजी अण्यांनी पुसदला जुलैमध्येच जंगल सत्याग्रह केला होता. गवत कापायचं, फांद्या तोडायच्या, अटक करून घ्यायची, अशी रीत. हे झालं पुढाऱ्यांच्या बाजूनं.

गावच्या बाजूनं पाहिलं तर गोष्ट आणखी जुनी आहे. तुम्ही कोकणातले असाल तर राब भाजणं माहीत असेल. भाताचं रोप टाकायच्या आधी, चैत्र-वैशाखात, त्या तुकड्यावर ऐनाचे वगैरे टहाळ, पाला, गवत, शेण असं थरावर थर पसरायचं आणि पेटवून द्यायचं. तण जळतं, माती भाजून निघते, राख खत म्हणून कामाला येते. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही. आणि टहाळ येणार कुठून? डोंगरातून. तोच डोंगर सरकारनं ‘राखीव’ म्हणून घेतला. ज्या ऐनाच्या फांद्या आजोबा छाटत होते त्या छाटल्या तर नातवाला दंड. लाकूडफाटा, गुरांची चराई, कातकऱ्यांचा कोळसा आणि काताचा धंदा, सगळ्यावर गार्डाची नजर. म्हणून जेव्हा कोणी म्हणालं की चला, उघड उघड झाड तोडायला जाऊ, तेव्हा लोकांना भाषण समजावून सांगावं लागलं नसणार. कोयता घरात होताच.

‘सत्याग्रही’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खादीची टोपी येते. इथे कमरेला आकडी आणि आकडीत कोयता अडकवलेली माणसं डोळ्यांसमोर आणा. स्मारकाकडे बघायची नजरच बदलते.

त्या दिवशी काय घडलं?

आसपासच्या गावांतून मोठा जमाव अक्कादेवीच्या माळावर जमला. झाडं तोडायला सुरुवात झाली. पोलीस आधीच आलेले, सोबत पनवेलचे मामलेदार केशव महादेव जोशी. उरण तेव्हा पनवेल तालुक्यात मोडायचं. धरपकड झाली, बाचाबाची झाली, मग गोळ्या सुटल्या. गावकरी मेले, सरकारी बाजूचीही माणसं मेली आणि त्यांत खुद्द मामलेदार जोशीही होते. त्यानंतर गावागावांत धरपकड सुरू झाली.

कोणी काय आधी केलं, कोणाची गोळी कोणाला, हे सांगताना गावात प्रत्येकाची आपली एक गोष्ट असते. ती ऐका. पण एकाच्याच तोंडून ऐकून घरी जाऊन छातीठोकपणे सांगू नका.

आठ हुतात्मे कोण?

नावं लिहितो. गावांसकट वाचा, शक्य तर मोठ्यानं.

धाकू गवत्या फोफेरकर आणि नवश्या महादेव कातकरी हे दोघं चिरनेरचे. रामा बामा कोळी मोठी जुईचे. आनंदा माया पाटील धाकटी जुईचे. रघुनाथ मोरेश्वर न्हावी कोप्रोलीचे. परशुराम रामा पाटील पाणदिव्याचे. हसुराम बुध्या पाटील खोपट्याचे. आलू बेमट्या म्हात्रे दिघोड्याचे.

एखाद्या ठिकाणी आडनाव वेगळं छापलेलं दिसेल, त्यानं गोंधळू नका. आपल्याकडे आडनावं शाळेच्या दाखल्यावर एक आणि गावात एक अशी चालायचीच.

पण आडनावं जरा थांबून वाचा. कोळी आहे, कातकरी आहे, न्हावी आहे, पाटील-म्हात्रे आहेत. आठ माणसं सात गावची. एका गावचं, एका जातीचं हे प्रकरण असतं तर दोन घरांचं भांडण म्हणून फाइलबंद झालं असतं. आणि नवश्या कातकऱ्याचं नाव वाचताना हेही ध्यानात ठेवा की कातकऱ्यांना शेतजमीन नव्हती, राब भाजायचा नव्हता. त्यांना जंगलच घर होतं. तो त्या दिवशी दुसऱ्याच्या टहाळासाठी गेला की आपल्या घरासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मामलेदार जोशींचं नाव हुतात्म्यांत का नाही?

अवघड प्रश्न, आणि हल्ली कॉलेजची मुलं हमखास विचारतात.

सरळ उत्तर असं की स्मारक सत्याग्रहींचं आहे आणि जोशी सरकारी अधिकारी म्हणून तिथे होते. पण गावात त्यांच्याबद्दल वाईट बोललेलं मी फारसं ऐकलेलं नाही. उलट, गोळीबाराला त्यांचा विरोध होता आणि म्हणूनच त्यांचा जीव गेला, असं सांगणारे अनेक. सरकारचं म्हणणं अर्थातच वेगळं होतं. मी जज्ज नाही. एवढंच सांगतो की पाहुणे घेऊन गेलो की आठ नावं वाचून झाल्यावर मी नववं नाव घेतो. काहींना ते आवडत नाही. एकदा आमच्याच गावच्या एका जाणत्या माणसानं मला बाजूला घेऊन सुनावलं होतं, ‘‘तू काय हिशोब बरोबर करायला निघालायस?’’ असेलही. तरी घेतो.

बाबासाहेब आंबेडकरांचा चिरनेरशी संबंध आहे असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. पकडलेल्या गावकऱ्यांवर ठाण्याला खटला चालला आणि आरोपींच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. जिल्ह्यात बाबासाहेब म्हटलं की महाडचं चवदार तळं आठवतं, ते १९२७ चं. तीन-चार वर्षांनी त्याच कुलाब्यातल्या आगरी-कोळी-कातकऱ्यांसाठी ते कोर्टात उभे राहिले, हे मात्र शाळेच्या पुस्तकातून मला कधी कळलं नाही. यार्डातल्या एका सिक्युरिटीवाल्या काकांनी सांगितलं.

पोचायचं कसं?

तीन वाटा.

मुंबईहून चारचाकीनं येणार असाल तर अटल सेतू. शिवडीला चढलात की चिर्ल्याला उतरता, तिथून दिघोड्याचा रस्ता धरायचा आणि चिरनेर. सेतूवर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत, दरवर्षी कोणीतरी बाइक घेऊन शिवडीपर्यंत येतं आणि मग मला फोन करतं. पनवेलकडून येणाऱ्यांनी गव्हाण फाट्यावरून दिघोड्याकडे यावं.

लोकलनं यायचं तर नेरूळ किंवा बेलापूरहून उरणची गाडी. जानेवारी २०२४ पासून ती थेट उरणपर्यंत येते. पुढे चिरनेर बरंच आत आहे, चालत जायचा विचार करू नका. रिक्षा ठरवा, आणि जाऊन-येऊन ठरवा, कारण परतताना चिरनेरला रिक्षा मिळेलच असं नाही.

तिसरी वाट माझी आवडती. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराची लाँच. वारं तोंडावर, मागे मुंबई धुरकट होत जाते. फक्त मोरा बंदरात गाळ साचतो, त्यामुळे मोठ्या ओहोटीला लाँच खोळंबते. भरतीचं गणित बघून निघा. कोळ्यांना तोंडपाठ असतं, तुमच्याकडे मोबाइल आहे.

रस्त्याबद्दल स्पष्ट सांगतो. आमच्याकडचा रस्ता ट्रेलरचा आहे. चाळीस फुटी कंटेनर घेऊन गाडी वळण घेते तेव्हा तिचा मागचा भाग कुठे जाईल हे ड्रायव्हरलाही शेवटच्या क्षणी कळतं. हे मी रोज त्यांचे पास फाडणारा माणूस सांगतोय. अंधार पडायच्या आत परत फिरा. पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली असतात, तेव्हा दुचाकी नकोच.

तिकीट, वेळ, गाइड?

तिकीट नाही. दिवसाउजेडी या. गाइड म्हणून कोणी बसलेला नसतो. गावात कोणाही साठीच्या पुढच्या माणसाला विचारा, तोच गाइड.

गावातलं स्मारक बघायचं की डोंगरातलं?

दोन्ही. ही दोन वेगळी ठिकाणं आहेत आणि बहुतेक लोक एकच बघून जातात.

गावात हुतात्मा स्मारक आहे, तिथे नावं वाचायची. अक्कादेवीचा माळ गावाबाहेर, डोंगराच्या अंगाला. गोळीबार झाला तो तिथे. आधी गाव, मग माळ, या क्रमानं जा. नावं माहीत नसताना माळावर गेलात तर तो नुसता माळ आहे. गवत, दगड, चार झाडं. नावं वाचून गेलात तर दिघोड्याचा माणूस कुठल्या बाजूनं चढून आला असेल, खोपट्याचा कुठून, असं आपोआप मनात येतं. माळावरून खाली पाहिलं की भातखाचरं आणि त्यांच्या पलीकडे रंगीत पेट्या रचल्यासारखे कंटेनर दिसतात. जुन्या माणसांना तिथे शेतं आठवतात.

यायला कुठला काळ चांगला?

शांतपणे बघायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात माळावर सावली नाही. जून ते ऑगस्ट वाट निसरडी.

पण एकदा तरी २५ सप्टेंबरलाच या. तेव्हा भात पोटरीला आलेलं असतं, पाऊस अजून पुरता गेलेला नसतो, आणि दुपारी असा काही उकाडा होतो की सदरा अंगाला चिकटतो. छत्री आणि पाण्याची बाटली दोन्ही लागतात. गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, तेव्हा माळावर चपला घालून नाही, बूट घालून. सापाला तारीख कळत नाही.

२५ सप्टेंबरला बंदुका वाजतात, ते काय?

मानवंदना. दरवर्षी पोलीस येतात, रांगेत उभे राहतात आणि हुतात्म्यांसाठी हवेत फैरी झाडतात. हुतात्म्यांच्या वारसांचा सत्कार होतो, पुढारी येतात, भाषणं होतात.

भाषणांचं सोडा. ती फैर मात्र चुकवू नका. गेल्या खेपेला मी मागे, बायकांच्या रांगेजवळ उभा होतो. पुढे एक म्हातारी, नऊवारी आडवं लुगडं, हातात प्लॅस्टिकची पिशवी. हुकूम झाला, बंदुका वर गेल्या. ती सगळ्यांबरोबर उभी राहिली. पहिला बार झाला तसं तिनं पटकन शेजारच्या नातवाचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि त्याच्यावर वाकली. झाडावरचे कावळे उठले. दुसऱ्या बाराला ती पुन्हा वाकली. तिसऱ्याला पोरगंच हसायला लागलं, मग तीही हसली आणि पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून त्याला दिला. वय बघता १९३० साली ती जन्मलीही नसणार.

ज्या खात्याच्या गोळ्यांनी माणसं मेली तेच खातं दरवर्षी त्याच गावात येऊन बार काढतं, सलामी म्हणून. बाहेरच्या पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. गावाला वाटत नाही. मला अजून कधी विचित्र वाटतं, कधी नाही.

हार-फुलं आणावीत का?

आणा, पण गावातून किंवा उरणच्या बाजारातून घ्या, झेंडूच्या. प्लॅस्टिकच्या वेष्टनातला बुके आणू नका. नारळ फोडायची पद्धत काहीजण पाळतात, काही नाही. मेणबत्त्या वाऱ्यात टिकत नाहीत आणि मेण मात्र दगडावर वर्षभर टिकतं.

अक्कादेवीला पावसाळ्यात धबधबा असतो. भिजता येईल का?

येतं. लोक भिजतात. पावसाळ्यातल्या रविवारी मुंबई-पनवेलच्या गाड्या लागतात, स्पीकर लागतात, दुपारनंतर बाटल्या फुटतात.

माझं म्हणणं थोडं गावापेक्षा वेगळं आहे. गावातले काही म्हणतात, हुतात्म्यांच्या जागी मौजमजा नकोच. मला वाटतं, भिजा की. ज्यांनी जंगलावर आपला हक्क सांगितला त्यांच्या जंगलात पोरांनी पाण्यात उड्या मारल्या तर त्यांना राग कशाला येईल? पण फुटलेल्या काचेनं त्याच वाटेनं अनवाणी जाणाऱ्या कातकरणीचा पाय कापतो, त्याचा येईल. आणि पाणी अचानक वाढतं. वरती डोंगरात सर आली की खाली पाच मिनिटांत रंग बदलतो. पाणी गढूळ झालं की बाहेर या, आणखी एक फोटो म्हणून थांबू नका.

फोटो काढले तर चालतात? रील?

फोटो खुशाल काढा. रीलबद्दल एक पारख सांगतो. कोणाच्या घरी समाचाराला गेलो की आपण काय करतो? चपला बाहेर, आवाज खाली, बसायला सांगितलं तिथे बसतो, कसं झालं ते विचारतो आणि मग ऐकतो. घरातली माणसं हसत असली तर आपणही हसतो, पण आधी आपण हसत नाही. एवढं धरून चाला. वारसांपैकी कोणी बसलेलं असेल तर तोंडासमोर मोबाइल धरण्याआधी विचारा. ‘बोला ना काका, कसं वाटतंय’ हे विचारू नका. कसं वाटणार?

शाळेची सहल आणायची आहे. मुलांना हे सगळं सांगावं का?

सांगावं. फक्त क्रम चुकवू नये.

एकदा एका शहरातल्या शाळेची बस आली होती. बाईंनी मुलांना रांगेत उभं करून दहा मिनिटं ब्रिटिशांच्या जुलमावर सांगितलं. मुलं माश्या मारत होती. मग मी विचारलं, तुमच्या सोसायटीच्या खालचं झाड तोडायचं तर परवानगी कोणाची लागते? हात वर. आणि त्या झाडाचा पाला गोळा करायला? गोंधळ. आणि त्या पाल्याशिवाय तुमच्या घरी यंदा भातच होणार नसेल तर? एका मुलीनं सांगितलं, ‘‘रात्री जाऊन आणू.’’ सगळे हसले. मी म्हटलं, हे लोक दिवसा गेले, तेही सांगून. तिथून पुढे अर्धा तास कोणी हललं नाही.

मृत्यूचं वर्णन रंगवू नका. आठ मुलांना एकेक नाव वाचायला द्या. डबे गावात खा, स्मारकाच्या पायरीवर नको. आणि कृपा करून ‘या घटनेतून काय शिकलात’ असा दहा ओळींचा निबंध लिहायला लावू नका.

स्मारकाची अवस्था कशी आहे?

सप्टेंबरात चांगली. बाकी वर्षभर, कसं सांगू.

बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८०-८१ च्या सुमारास, राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधायची योजना निघाली. दोनशेवर स्मारकं झाली. कल्पना फार चांगली होती. स्वातंत्र्याची लढाई फक्त पुण्या-मुंबईत झाली नाही, हे गावोगाव दगडात लिहून ठेवायचं. बांधायला पैसे आले, झाडायला कोणी हे मात्र राहून गेलं. कुठे गुरं बसतात, कुठे पत्ते रंगतात. त्या मानानं चिरनेर सुदैवी आहे, कारण गावाला त्या दिवसाची चाड आहे. तरी येताना एक रिकामी पिशवी आणा. कचरा दिसला तर उचलून न्या. तुमचा नसला तरी.

त्याच फेरीत जासईही होईल का?

होईल, आणि करावंच. वाटेवरच आहे.

जासईचं स्मारक १९८४ च्या गोळीबाराचं. नवी मुंबईसाठी सिडकोनं जमिनी घेतल्या त्यांच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी आंदोलन केलं, पुढारी दि. बा. पाटील. १६ जानेवारीला चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत आणि धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर पोलिसांच्या गोळीबारात गेले. दुसऱ्या दिवशी पागोट्याचे तिघं, महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील आणि कमलाकर कृष्णा तांडेल. त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायची योजना आली. आमच्याकडे आजही कोणाला ‘साडेबारा’ म्हटलं तर पुढचं सांगावं लागत नाही.

चिरनेरला परक्या सरकारची गोळी होती, जासईला आपल्या. तालुका तोच. जासईत गेलात तर ‘दोन्हींत साम्य काय’ असं कोणाला विचारू नका, उत्तर द्यायला माणसं तासभर सोडणार नाहीत. किंवा विचारा आणि तासभर काढा.

कोकणात अशी आणखी ठिकाणं कुठली?

दुर्दैवानं बरीच. सगळ्या ठिकाणी चौथरा आणि कोनशिला आहेच असं धरून निघू नका.

गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्रीचा पूल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, पुरात, जुना दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसट्या. नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये सुरू झाला. मी त्यावरून जाताना काच खाली करतो. थांबायची जागा नाही, थांबूही नका, मागून गाड्या येतात.

महाड तालुक्यातलंच तळीये. २२ जुलै २०२१ ला दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या होत्या. इथे एक सूचना. महाडची जुई वेगळी आणि आमची मोठी जुई, धाकटी जुई वेगळ्या. एक कुटुंब मॅपवर ‘जुई’ टाकून थेट महाडला जाऊन पोचलं होतं. तिथेही त्यांना हात जोडायला दगड सापडला, हा भाग निराळा.

खालापूरची इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र. ठाकरांची वाडी, दरडीखाली गेली. बरीच माणसं सापडलीच नाहीत, शोध थांबवावा लागला, म्हणजे ती अजून तिथेच आहेत. इर्शाळगडाच्या ट्रेकला जाणाऱ्यांना एवढंच सांगेन की त्या उतारावर बसून डबा उघडू नका. अशा ठिकाणी ‘बघायला’ जायचंच कशाला, असं मला विचाराल तर, ओळख असल्याशिवाय जाऊ नये. तिथली माणसं अजून सावरतायत. चिरनेरच्या दुःखावर नव्वदहून जास्त पावसाळे गेलेत, ते पाहुण्याला सोसतं.

आणि रामदास बोट. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या, गटारी. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं आणि पेपरांतली जागा त्यानं घेतली. आमच्या किनाऱ्यावर असं घर विरळा जिथे ‘रामदास’मध्ये गेलेलं कोणी निघत नाही, लांबचं का होईना. आमच्या आजीचा एक मामा होता म्हणे. मोऱ्याच्या लाँचनं आलात तर तेच पाणी तुमच्या खाली असतं.

जेवायची सोय?

उरणला खानावळी आहेत, मासे ताजे मिळतात. चिरनेरला महागणपतीचं देऊळ आहे, मोठी शेंदरी मूर्ती. संकष्टीला, त्यातही अंगारकीला, गर्दी असते आणि वडापाव-चहाची दुकानं लागतात. एरवी डबा बरा. देवळात जाऊन स्मारकाला न जाणारे खूप. उलटं करणारा अजून भेटायचाय.

चिरनेरहून घरी काय न्यावं?

मडकं. चिरनेरचे कुंभार पूर्वीपासून नावाजलेले, गणपतीच्या मूर्तीही इथल्या प्रसिद्ध. थंडीत आलात तर पोपटीचं मडकं मागा. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, वरून मीठ-ओवा, मडकं उपडं घालून भोवती जाळ, ते सगळं तुमच्याकडे जमत असेल तर. नसेल तर पाण्याचा माठ घ्या. घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर चांगलं भाजलंय. बद्द आवाज आला तर तडा आहे किंवा कच्चं आहे, बाजूला ठेवा, कुंभार काही बोलणार नाही. गाडीत मांडीवर धरून न्या. डिकीत ठेवलंत तर दिघोड्याच्या खड्ड्यापर्यंतही टिकणार नाही.